पूर्णविराम नसलेलं टिंब

बाबांनी हेडफोनची वायर कॉम्प्युटरमधून उपटली आणि पोपटाचा आवाज घरभर झाला.

"ऐक," ते म्हणाले. "नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस."

ती नुकतीच कामावरून आली होती. खांद्यावरची पिशवी उतरवायची होती, नखांच्या कडांत बसलेलं प्लॅस्टर धुवायचं होतं. बाबांनी चाचपडत बाणाची कळ शोधली आणि दाबली.

"या शोधाचे श्रेय डॉ." असं म्हणून आवाज खाली उतरला आणि थांबला. सगळं सांगून झाल्यासारखा. मग नव्या दमाने "वि." पुन्हा उतार, पुन्हा शांतता. "ग." पुन्हा तेच. आडनावापर्यंत पोचायच्या आत बाबांनी दुसरी कळ दाबून त्याचं तोंड बंद केलं.

"गेला," ते म्हणाले. "याच्या तोंडी आलेला एकही डॉक्टर जगत नाही."

"बाबा, मी चहा टाकू का आधी?"

"टाक. पण आज काहीतरी कर. मी आता त्या पोपटाच्या नादाने वेडा होणार आहे."

बाबांनी उभी हयात रेडिओवर बातम्या वाचण्यात घालवली होती. निवृत्त झाले आणि काचबिंदूने आधी एक डोळा नेला, मग सावकाश दुसरा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा हा प्रोग्राम तिनेच त्यांच्या कॉम्प्युटरवर घालून दिला होता. फुकट मिळणारा, जगभरच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेला. त्यातला आपल्या भाषेचा आवाज बाबांच्या कानांना पहिल्या दिवसापासून खुपत होता आणि त्याचं नाव त्यांनी पोपट ठेवलं होतं. उच्चार एकवेळ ते सोसत. थांबे सोसत नसत. कुठे थांबायचं हे कळलं म्हणजे अर्धी बातमी वाचून झाली, असं ते नव्या निवेदकांना सांगत आले होते. आणि पोपट तर टिंब दिसलं की थांबायचा. ते टिंब वाक्य संपवणारं आहे की नुसतं अक्षर तोडून लिहिलेलं, याचा त्याला पत्ताच नव्हता.

तिने प्रोग्रामच्या तक्रारींच्या पानावर लिहिलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. 'तक्रार बरोबर आहे. आपल्या भाषेचं काम बघणारा सध्या मी एकटाच आहे. तुम्ही दुरुस्त करून पाठवलंत तर स्वागत आहे.' खाली टोपणनाव होतं, कुंपण.

"घ्या," ती बाबांना म्हणाली. "दुखणं सांगायला गेले तर डॉक्टर म्हणतो, तुम्हीच कापा."

"मग काप की," बाबा म्हणाले. "दिवसभर दुसरं काय करतेस?"

दिवसभर ती दात करत असे. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा पाठवत, त्यावरून ती लॅबमध्ये मेणाचा दात घडवी, मग पक्का. हाताने बारीक काम करायची सवय होती, आणि सूचना वाचून एखादी गोष्ट करता येते यावर विश्वास होता. तो विश्वास पहिल्याच आठवड्यात ढासळला. नवख्यांसाठी म्हणून जे पान होतं, ते पोहता येणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पोहण्याच्या पुस्तकासारखं होतं. मूळ कोडाची आपली प्रत घ्या. प्रतीतून एक वेगळी फांदी काढा. फांदीवर बदल करा. मग तो बदल मूळ कोडात घ्यावा अशी रीतसर विनंती पाठवा. प्रत्येक 'करा'च्या पोटात दहा गोष्टी होत्या आणि त्या कुणी सांगितल्या नव्हत्या. कॉम्प्युटरने तिच्यावर तांबड्या अक्षरांत इतक्या वेळा ओरडून घेतलं, की एकदा तिने पडद्यावर ओला टॉवेलच टाकला.

बदल मात्र तसा साधा होता. टिंब दिसलं की थांब, असा मूळचा एका ओळीचा नियम. तिने त्याआधी तपासणी घातली: टिंबाच्या अलीकडचा शब्द डॉ., सौ., प्रा. असा काही असेल, किंवा एकटंच अक्षर असेल, तर थांबू नको. आपल्या कॉम्प्युटरवर ते चाललं तेव्हा ती खुर्चीतून उठून उभी राहिली. टोपणनाव मागितलं होतं तिथे तिने, दातांच्या धंद्याला आणि या उद्योगाला दोन्हीला शोभेल म्हणून, 'अक्कलदाढ' लिहिलं. रविवारची सगळी सकाळ घालवून पडद्याचे फोटो काढले, आधीचा आणि नंतरचा. चुकीच्या जागी तांबडे बाण, बरोबर जागी हिरवे. आणि विनंती पाठवून दिली.

उत्तर आलं. 'अक्कलदाढ, नमस्कार. चित्रं काढून टाका. जे म्हणायचं ते मजकुरात लिहा. कुंपण.'

एवढंच.

तिने ते दोनदा वाचलं. शाबासकी नको होती. पण 'आभार' हा शब्द लिहायला काही फार शाई लागत नाही. तिने चित्रं काढून टाकली आणि, नव्या घातलेल्या ओळी त्या पानावर हिरव्या दिसत म्हणून, लिहिलं, 'हिरव्या ओळी बघाव्यात, म्हणजे फरक लगेच कळेल.'

'हिरव्या कोणत्या? ओळींचे क्रमांक द्या.'

तिने क्रमांक दिले.

'बेचाळिसाव्या ओळीच्या सुरुवातीला टॅब आहे, त्रेचाळिसाव्याच्या सुरुवातीला स्पेस. एकसारखं करा.'

तिने पडद्याला नाक लावून पाहिलं. दोन्ही ओळी एका रेषेत होत्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. टॅब काय आणि स्पेस काय, मोकळी जागा ती मोकळी जागा. तरी तिने बदललं. मग आलं, 'शीर्षक फार लांब आहे. काय बदललं ते पहिल्या चार शब्दांत यायला हवं.' तिने शीर्षक कापलं. मग, 'चाचण्या कुठे आहेत?' चाचण्या म्हणजे नियम बरोबर चालतो का हे तपासणारं आणखी कोड, हे शिकण्यात तिचे आणखी काही रविवार गेले. चाचण्या लिहिल्या, पाठवल्या. आणि पहिले पाढे पंचावन्न: 'एकशे सहाव्या ओळीच्या शेवटी दोन जास्तीच्या स्पेस आहेत.'

ओळीच्या शेवटी! जिथे पुढे काहीच नाही, तिथल्या दोन मोकळ्या जागा!

लॅबमध्ये त्या दिवशी एका डॉक्टरकडून दाताची कॅप परत आली होती. 'चावताना उंच लागते' एवढी चिठ्ठी. ती घासायला बसली आणि घासता घासता मालकाला म्हणाली, "तुम्ही कधी कुणासाठी फुकट काम केलंय?"

"लग्न झालंय माझं," मालक म्हणाले.

"नाही, खरंच. आपण फुकट करायचं, आणि समोरच्याने वर तोंड करून त्यात खोड्या काढायच्या."

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "इथे पैसे घेऊन करतो तरी खोड्या काढतातच की. आता ती कॅप तुला उंच दिसतेय का?"

"नाही."

"मलाही नाही. पण ज्याच्या तोंडात आहे त्याला लागतेय ना? मग घास."

तिने घासली. पण मनात कुंपणच होतं. माणसाने स्वतःला हे नाव घेतलं यातच सगळं आलं, असं तिला वाटलं. आत कुणाला येऊ द्यायचंच नाही. आणि एकटा आहे म्हणून रडायचं.

पुढच्या रविवारी सकाळी बाबा टेबलाशी बसून टोस्टला लोणी लावत होते. सुरीच्या पात्याने आधी कडा शोधायच्या, मग मधोमध जायचं, ही त्यांची रीत. "काय म्हणतात कुंपणराव?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न आता रोजचा झाला होता.

"कुंपणरावांना माझ्या स्पेस खुपतात," ती म्हणाली, आणि मग तिला राहवेना. तिने फोन घेतला आणि त्यांची एकूण एक उत्तरं नाकात बोलून, सरकारी हुकूम वाचावा तशी वाचून दाखवली. चित्रं काढून टाका. हिरव्या कोणत्या. टॅब आहे, स्पेस आहे. पहिल्या चार शब्दांत यायला हवं. ओळीच्या शेवटी दोन जास्तीच्या.

बाबा हसले नाहीत. त्यांनी सुरी बशीच्या कडेला ठेवली.

"पुन्हा वाच. नीट वाच. नाटक नको."

तिने वाचलं.

"हा माणूस बघत नाहीये," बाबा म्हणाले.

"तेच तर! न बघताच—"

"तसं नाही गं. हा ऐकतोय." ते उठले, भिंतीच्या आधाराने आपल्या कॉम्प्युटरशी गेले. "तुझी ती फाईल लाव इथे."

तिने लावली. बाबांनी बाणाने एकेक ओळ खाली उतरायला सुरुवात केली आणि पोपट बोलू लागला. टॅब. टॅब. टॅब. मग आधीच्या, न सुधारलेल्या प्रतीतल्या ओळीवर: स्पेस स्पेस स्पेस स्पेस. तिला सारख्याच दिसणाऱ्या त्या दोन ओळी कानाला एकमेकींच्या ओळखीच्याही वाटत नव्हत्या. ओळ संपली असं वाटावं तिथे पोपट पुन्हा म्हणाला, स्पेस, स्पेस.

"मला पत्र आलं तर पहिले चार शब्द ऐकून मी ठरवतो, पुढे जायचं की नाही," बाबा म्हणाले. "तू डोळा फिरवतेस आणि तुला सगळं पान एकदम दिसतं. आम्हाला शेपटापर्यंत ऐकत बसावं लागतं. आणि तू त्याला बाण काढून पाठवलेस. तांबडे."

"आणि हिरवे," ती म्हणाली.

ती बाबांच्या खुर्चीमागे उभी होती. या घरात खुर्ची टेबलाखाली सरकवल्याशिवाय ती कधी उठत नसे. कपाटातले डबे तिने हाताला कळतील अशा क्रमाने लावले होते. दाराशी चपला सोडणाऱ्या पाहुण्यांवर ती खेकसायची.

"मग त्याने सांगायचं तरी!" ती एकदम म्हणाली. "एक ओळ लिहिली असती. मी काय मनकवडी आहे? इतके आठवडे मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालतेय."

"का सांगायचं त्याने? तुला दिसतं, हे तू पहिल्या ओळीत सांगितलं होतंस का?"

तिला आणखीच राग आला. तिने कुंपणची माफीबिफी मागितली नाही. फक्त शेवटच्या दोन स्पेस काढल्या आणि पहिल्यांदाच, पाठवण्याआधी फाईल बाबांना ऐकायला दिली. बाबांनी आणखी तीन शोधून काढल्या.

तेव्हापासून काम दोघांचं झालं. झालं म्हणजे भांडण दोघांचं झालं. बाबांना जगातली सगळी टिंबं एका दमात सुधारायची होती. ते ताट वाढलेलं असतानाही नवनवी सांगत, "लिहून घे, कृ. मा. प.", "लिहून घे, ता. क." आणि ती म्हणे, "बाबा, आधी डॉक्टर तर घरी येऊ दे." विनंतीचं पान बाबांना आपलं आपल्याला वाचता यावं म्हणून तिने त्याचा पत्ता त्यांच्या कॉम्प्युटरवर घालून दिला, तरी ते रोज तिलाच विचारत. कुंपणची उत्तरं तोकडीच होती, पण आता त्यांत प्रश्न यायला लागले. एके दिवशी त्यांनी लिहिलं, 'समजा मजकूर असा आहे: अंतर दहा कि.मी. पुढे रस्ता बंद. इथे कि.मी. नंतरचं टिंब वाक्यही संपवतं. तुमच्या नियमाने थांबा येणार नाही. माणूस हे कसं ओळखतो?'

तिने ते बाबांना विचारलं. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. उन्हाची ऊब त्या बाजूने यायची.

"पुढचं वाचून," ते म्हणाले. "बातमी वाचताना माझा आवाज इथे असायचा आणि डोळा तीन शब्द पुढे. कुठे थांबायचं ते डोळा आधी जाऊन बघून यायचा. आवाज आपला मागून, त्याच्या भरवशावर." त्यांनी हाताचा तळवा उलटा केला, सुलटा केला. "आता पुढे कुणी जात नाही. जे आलं ते आलं."

त्या आठवड्यात नियमाला तिने डोळा दिला. टिंबाशी आल्यावर लगेच ठरवू नको, पुढचा शब्द बघून ये, त्यावरून नवं वाक्य सुरू होतंय का ते ताड, मग थांब किंवा थांबू नको. तिला आयुष्यात इतकं अवघड काही करावं लागलं नव्हतं. कितीदा तरी तिने सगळं पुसलं. एकदा रडलीसुद्धा, लॅबच्या मोरीत, नळ सोडून. शेवटी सगळ्या चाचण्या पार झाल्या, एकही तांबडी खूण उरली नाही, आणि तिने विनंती पुन्हा पाठवली. त्या संध्याकाळी बाबांना फोनवर रेडिओतल्या जुन्या सहकाऱ्याशी बोलताना तिने ऐकलं. "पोपटाला वाचायला शिकवतोय आम्ही," ते सांगत होते. आम्ही.

कुंपणचं उत्तर या वेळी उशिरा आलं. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा धरून तिने ते वाचलं.

'अक्कलदाढ, वरच्या मंडळींनी कालच्या बैठकीत ठरवलं की पुढच्या आवृत्तीत हा जुना आवाज राहणार नाही. अगदी नवा आवाज येतोय, त्याची बांधणीच वेगळी आहे. जुन्यात आता कुठलाही बदल घेता येणार नाही. ही विनंती बंद करत आहे. बदल चांगला होता.'

होता. त्या 'होता'वर ती कितीतरी वेळ अडून राहिली. शीर्षकापुढे 'बंद' अशी करडी पट्टी आली होती. कुंपणच शेत खातं हे तिने ऐकलं होतं. पण इथे कुंपणाने शेत राखलं, तण काढायला लावलं, आणि पीक उभं राहिल्यावर सांगितलं की जमीनच जाणार आहे. तिने डब्याचं झाकण लावलं आणि न जेवता कामाला बसली. दुपारभर घडवलेला दात मोजून पाहिला तेव्हा शेजारच्या दातापेक्षा मोठा झाला होता. तिने तो वितळवून टाकला.

घरी बाबांनी विचारलं, "काय म्हणतात कुंपणराव?"

"अजून काही नाही," ती म्हणाली.

आज सांगू, उद्या सांगू. पण बाबांचा चेहरा प्रश्न विचारताना असा पुढे व्हायचा, की तिची जीभच उचलायची नाही. दुसऱ्या दिवशीही तिने "अजून काही नाही" म्हटलं, तिसऱ्या दिवशीही. बाबा "बरं" म्हणायचे आणि विषय बदलायचे. हे "बरं" जरा लवकर येतं, असं तिला एकदोनदा वाटलं. पण ताकास तूर लागू द्यायची नाही, या धडपडीत तिने तिकडे लक्ष दिलं नाही. मनातून तिने तो सगळा उद्योगच सोडला होता. प्रकल्पाकडून येणारे निरोप ती न उघडता पुसून टाकायची.

एक निरोप मात्र पुसता पुसता उघडला गेला. बंद झालेल्या तिच्या विनंतीखाली कुणीतरी लिहिलं होतं. टोपणनाव, श्रोता. तिने हे नाव तिथे पूर्वी पाहिलं नव्हतं.

'नव्या आवाजात डॉ. नंतरचा थांबा कायम. नव्या आवाजाची चाचणी आवृत्ती काल ऐकली असता वरील दोष त्यातही असल्याचे आढळून आले. आठ उदाहरणे पुढीलप्रमाणे.' मग उदाहरणं, एकाखाली एक. 'बंद केलेल्या विनंतीतील नियम नव्या आवाजालाही लागू करावा, असे वाटते. दरम्यान, हा नियम लिहिणाऱ्या व्यक्तीने पुढचा शब्द पाहून थांबण्याची जी युक्ती केली आहे, ती या कामातील जाणकारालाच सुचू शकते, हे नमूद करणे आवश्यक आहे.'

दरम्यान.

त्या 'दरम्यान'शी तिचं बोट थबकलं. अशा जागी 'दरम्यान' घालणारा माणूस तिला जगात एकच माहीत होता. आणि मग आठवलं: मागच्या आठवड्यात ती भांडी घासत असताना बाबा आतून कॉम्प्युटरवर ओरडले होते, "मी माणूसच आहे! किती वेळा सांगू!" तिला वाटलं होतं, बँकेचं काहीतरी चाललंय. नवं खातं उघडताना, आपण यंत्र नाही हे पटवायला, चित्रांतले सिग्नलचे दिवे ओळखायला सांगतात, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने तारीख पाहिली. विनंती बंद झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी श्रोत्याचं खातं उघडलेलं होतं. म्हणजे "काय म्हणतात कुंपणराव" हा प्रश्न रोज विचारणाऱ्याला उत्तर पहिल्यापासून ठाऊक होतं.

श्रोत्याच्या खाली कुंपणचं उत्तर होतं. 'श्रोता, रास्त. मला वाटलं होतं नव्यात हे आपोआप सुटलं असेल. आभार. अक्कलदाढ, जुन्यातली एकही ओळ नव्यात चालणार नाही, पहिल्यापासून लिहावं लागेल. घेता का?'

आभार. श्रोत्याला पहिल्याच फटक्यात आभार.

ती घरी पोचली तेव्हा बाबा कॉम्प्युटरशी बसले होते. हेडफोन कानांवर होते. पावलं ऐकून त्यांनी ते घाईने गळ्यात उतरवले. तिने पिशवी ठेवली, हात धुतले, चहाचं पाणी गॅसवर ठेवलं.

"काय म्हणतात कुंपणराव?" बाबांनी विचारलं.

"कुंपणराव बरे आहेत," ती म्हणाली. "पण तिथे एक नवीन माणूस आलाय. कुणी श्रोता म्हणून."

"असं?"

"फार किरकिऱ्या आहे."

"असतात असे लोक," बाबा म्हणाले. त्यांनी टेबलावरचं काहीच नसलेलं काहीतरी बोटाने बाजूला सारलं. "पण मुद्दा बरोबर असेल त्याचा."

"मुद्दा बरोबर आहे. उदाहरणांत एक चूक आहे."

बाबांची मान झटकन वळली. "कुठे?"

तिने चहाची पूड मोजून घातली, साखर घातली, आणि गॅस बारीक केला.

"शक्यच नाही," बाबा म्हणाले. "'इ.'चं उदाहरण तर मी दोनदा—"

आणि तिथे ते थांबले.

पाण्याला आधण आलं. तिने चहा गाळला, दोन्ही कप घेऊन बाहेर आली. बाबांचा कप त्यांच्या उजव्या हाताला, कान त्यांच्याकडे करून ठेवला. आपला हातातच ठेवला.

"नव्यात सगळं पहिल्यापासून लिहायचं आहे म्हणे," ती म्हणाली. "एकही ओळ चालणार नाही."

"ऐकलं मी," बाबा म्हणाले.

"मला खूप राग आलाय, बाबा."

"तोही ऐकू येतोय."

तिने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत कॉम्प्युटरशी आणली. बाबा आपली खुर्ची सरकवू लागले. थोडी, मग आणखी थोडी, अगदी भिंतीला टेकेपर्यंत, एवढी जागा तिला कशाला लागणार होती कुणास ठाऊक.